तायड्यांचं खातं

न्यूझीलंडमधल्या टौरंगात बंदुका दुरुस्त करणारा मराठी माणूस एकच होता, आणि तो आयुष्यात कधी शिकारीला गेला नव्हता. मोहन तायडेला नेम धरण्यात रस नव्हता, रस होता तो पोलादात. नळीच्या तोंडाला आटे पाडावेत, दस्ता घासून माणसाच्या खांद्याला बसता करावा, अडकणारा चाप मोकळा करावा, आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जावं, एवढाच त्याचा धंदा.

वडील, नाना, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांच्या आधीच्या पिढीने गावातली मेलेली ढोरं ओढली होती. फॅक्टरीने नानांना क्वार्टर दिलं, खाकी कपडे दिले, आणि मुलाला टूलरूममध्ये अप्रेंटिस म्हणून घेतलं. तिथे हात बसला. पुढे मोहन पिंपरीच्या एका कंपनीत गेला, आणि २००१ साली बायकोला आणि छोट्या मैत्रेयीला घेऊन न्यूझीलंडला आला.

सुरुवातीला ते ऑकलंडजवळ मनुरेवात राहिले. कामाचे अर्ज केले, तर जो तो विचारायचा, इथला अनुभव आहे का. इथे काम मिळाल्याशिवाय इथला अनुभव यायचा कुठून, हे कुणी सांगत नव्हतं. गोदामात खोकी रचून वर्ष काढल्यावर पेपरात एक बारीकशी जाहिरात दिसली. टौरंगात लेथवर काम करणारा माणूस हवा होता.

जाहिरात देणारा बॅरी म्हणजे साठी ओलांडलेला, गुडघे गेलेला गनस्मिथ. त्याने सर्टिफिकेटं बघितली नाहीत. पोलादाची एक कांब मोहनच्या हातात दिली आणि म्हणाला, "यातून काहीतरी कर, मेट." मोहनने केलं. बॅरीने ते उजेडात धरून फिरवलं, खिशात टाकलं आणि म्हणाला, "सोमवारपासून ये."

काही वर्षांनी बॅरीला उभं राहणंच जमेना, तेव्हा त्याने वर्कशॉप मोहनलाच विकलं, आणि तेही हप्त्याहप्त्याने. पाटीवर स्वतःचं नाव ठेव म्हणून मोहन आग्रह करत होता, पण बॅरी ऐकेना. "तुझं लाव. लोक टेडी म्हणतील, म्हणू देत." तशी 'तायडे गनस्मिथ' ही पाटी लागली, आणि लोक खरंच टेडी म्हणू लागले. काइमाईच्या डोंगरात हरणांमागे जाणारे, बागेतली झाडं खाणाऱ्या पॉसम नावाच्या प्राण्यांना कंटाळलेले किवीफ्रूटवाले, ससे मारून थकलेले शेतकरी, सगळे टेडीकडे यायचे. डीलरचं लायसन दरवर्षी पोलीस तपासून द्यायचे. त्यांचा आर्म्स ऑफिसर येऊन तिजोरीची खोली बघायचा, रजिस्टर बघायचा आणि चहा पिऊन जायचा.

घरात मात्र या धंद्यावरून एक गाठ होती. त्याची बायको नीलिमा अकोल्याची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली. ती किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम बघायची. एका वर्षी मनुरेवाच्या हॉलमध्ये आंबेडकर जयंती होती. तिथे गजभिये नावाच्या एका ज्येष्ठांनी सम्यक आजीविकेवर भाषण केलं. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार त्यांनी सांगितले. त्यांत पहिला शस्त्रांचा. ते कुणाकडे बघून बोलले नाहीत, पण नीलिमाची मान खाली गेली. परतीच्या वाटेवर मैत्रेयी मागे झोपल्यावर तिने विषय काढला.

"तुम्हाला दुसरं काही करता येणार नाही असं थोडंच आहे?"

"नानांची सगळी नोकरी काडतुसांच्या कारखान्यात गेली," मोहन म्हणाला. "त्या पगारावर मी शिकलो."

"नाना सरकारची नोकरी करत होते. तुम्ही विकता."

"मी दुरुस्त करतो."

"विकताही."

ती खोटं बोलत नव्हती. कपाटात दोन-चार जुन्या रायफली विकायला असायच्याच. तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि संपलाही नाही.

२००८ च्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, बँकेचं पत्र आलं. एका पानाचं, सभ्य भाषेतलं. बँकेने आपली मूल्यं लक्षात घेऊन नवं धोरण आखलं होतं, शस्त्रांशी संबंधित व्यवसायांना यापुढे सेवा दिली जाणार नव्हती, आणि दोन महिन्यांत दुसरीकडे व्यवस्था करावी अशी विनंती होती. इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल आभारही मानले होते.

मोहनने ते दोनदा वाचलं. काहीतरी चूक झाली असणार असं त्याला वाटलं. पोलिसांचं लायसन, टॅक्सची कागदपत्रं, सगळं फायलीत घालून तो शाखेत गेला. तिथली शॅरन त्याला ओळखत होती. तिच्या नवऱ्याच्या रायफलीचा दस्ता मोहननेच बसवून दिला होता. तिने त्याला आतल्या काचेच्या खोलीत नेलं.

"मोहन, मला खूप वाईट वाटतंय. हे ऑस्ट्रेलियाच्या हेड ऑफिसमधून आलंय."

"माझं काही चुकलं का?"

"काहीच नाही. तुमचं खातं एकदम व्यवस्थित आहे."

"हे बघा, पोलिसांचं लायसन. याच वर्षीचं आहे."

"पोलिसांचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. फाइल तिने उघडली नाही, हळूच त्याच्याकडे सरकवली. "हे तुमच्याबद्दल नाहीये. सेक्टरबद्दल आहे." आणि त्याला धीर द्यावा म्हणून पुढे म्हणाली, "घराच्या कर्जाची काळजी करू नका. ते आहे तसंच राहील."

"म्हणजे माझ्याकडून हप्ते घ्यायला हरकत नाही."

त्याने हे चिडून म्हटलं नव्हतं. त्याला ते नीट समजून घ्यायचं होतं. शॅरनने समोरचा पाण्याचा ग्लास थोडा बाजूला ठेवला आणि पुन्हा म्हणाली, की तिला खूप वाईट वाटतंय. ते खरंही होतं. तिच्याशी भांडावं असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि ज्याच्याशी भांडावं तो त्या इमारतीत नव्हता.

दुसऱ्या बँका होत्याच. मोहनने एकेकीला फोन लावला. सुरुवातीला आवाज उत्साही असायचा, नवीन बिझनेस ग्राहक म्हणून अभिनंदन व्हायचं. मग व्यवसायाचं स्वरूप विचारलं जायचं. त्याने ते सांगितलं की आवाज तोच राहूनही बदलायचा. एकीने कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. एकीने लेखी विनंती मागितली आणि लेखी नकार दिला. नाही हा शब्द मात्र कुणीच वापरला नाही. सगळे म्हणायचे, या घडीला आम्ही तुमच्यासाठी योग्य बँक नाही. बँकांविरुद्ध तक्रार ऐकणाऱ्या कार्यालयाने तक्रार ऐकली आणि उत्तर दिलं, की कुणाशी व्यवहार करायचा हे बँकेने ठरवायचं असतं, त्यात कायद्याचा भंग नाही.

ते उत्तर आलं त्या संध्याकाळी जेवताना तो नीलिमाला म्हणाला, "आपले पैसे त्यांना चालत नाहीत."

नीलिमाचा घास हातातच राहिला. 'चालत नाहीत' हे शब्द तिने लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले होते, पाण्याबद्दल आणि भांड्यांबद्दल. मैत्रेयी म्हणाली, "पप्पा, दॅट्स सो रँडम. यू हॅवन्ट डन एनीथिंग." ती चौदा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत यायचं.

मुदत संपली तसं कार्डाने पैसे घ्यायचं एफ्टपॉसचं मशीन बंद पडलं. या देशात पावसुद्धा लोक कार्डाने घेतात. गिऱ्हाईक काउंटरवर कार्ड पुढे करायचं, मोहन दिलगिरी व्यक्त करायचा, मग ते खिसे चाचपायचं. चेक घ्यावा तर तो भरायचा कुठे? घरच्या खात्यात एकदा भरला, तर लगेच फोन आला, की वैयक्तिक खात्यातून धंदा चालवता येणार नाही, तेही खातं धोक्यात येईल. काही जण कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन कार्डावर कॅश काढून आणायचे. डेअरी म्हणजे आपलं किराणा दुकानच. तिचा गुजराती मालक आधी हसून द्यायचा, मग गल्ल्यात एवढी रोकड नसते म्हणू लागला. अमेरिकेतून येणारे सुटे भाग तर थांबलेच. तिथे पैसे पाठवायचे तर बँकेतूनच. माणसं तुटली नाहीत, रस्त्यात भेटली की टेडी म्हणून हात करायची, पण रायफली घाटापलीकडे हॅमिल्टनच्या दुकानात जाऊ लागल्या.

अशात कुणीतरी अक्षतचं नाव सुचवलं. अक्षत ठाण्याचा, तिशीच्या आतला, ऑकलंडमध्ये एका वेगळ्या बँकेत बिझनेसची खाती बघायचा. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत त्याची ओळख झाली होती. मोहन काइमाईचा घाट ओलांडून ऑकलंडला गेला. अक्षतने त्याला ऑफिसात बोलावलं नाही, खालच्या कॅफेत भेटला. त्याने सगळं मन लावून ऐकलं.

"काका, गनस्मिथ लिहिलं की सिस्टीम तिथेच अडवणार," तो म्हणाला. "पण तुम्ही मुळात काय आहात? प्रिसिजन इंजिनियर. लेथ, मिलिंग, टूलरूम. खोटं काहीच नाही त्यात. आपण 'तायडे प्रिसिजन' म्हणून नवीन कंपनी करू. थोडी इतर कामं घ्या, बोटींचे पार्ट्‌स वगैरे. पाटी तेवढी बदला."

"आणि बंदुका?"

"त्या मला माहीत नाहीत," अक्षत हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे, मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही."

त्याची कॉफी संपली, मोहनची तशीच गार झाली. पुण्यात नोकरी लागली तेव्हाची गोष्ट त्याच्या मनात येत होती. खोली बघायला गेलं की घरमालक नाव विचारायचे. नाव सांगितलं की आडनाव विचारायचे. ते सांगितलं की गाव, आणि मग खोली नुकतीच गेलेली असायची. शेवटी एका मित्राने सुचवलं म्हणून त्याने एका मालकाला आडनाव पाटील सांगितलं. खोली मिळाली. त्या खोलीत तो तीन महिने राहिला आणि कुणी दार वाजवलं की आधी स्वतःला बजावायचा, आपण पाटील. चौथ्या महिन्यात सामान उचलून तो एका सहकाऱ्याच्या घरी, जमिनीवर झोपायला गेला, आणि पुन्हा असं करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

"तू माझ्यासाठी एवढं करतोयस," तो अक्षतला म्हणाला, "मी नाही कसं म्हणू?"

पाटी काढायच्या दिवशी नीलिमा वर्कशॉपवर आली. मोहनला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तो शिडीवर चढून स्क्रू सोडवत होता आणि ती खाली हातांची घडी घालून उभी होती.

"हे नका करू," ती म्हणाली.

"तुलाच नको होतं ना हे काम?"

"मला काम नको होतं. ते मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. लपवा असं कधी म्हटलं नव्हतं."

"मग काय करू? सांग ना. खरंच सांग."

घराचा हप्ता त्याच बँकेला जात होता, मैत्रेयीची शाळा होती, आणि जिकडेतिकडे मंदीची भाषा सुरू झाली होती. तिने पुढे होऊन शिडी धरली. तो शेवटचा स्क्रू काढून पाटी घेऊन खाली उतरला. दोघांनी मिळून ती भिंतीकडे तोंड करून आत ठेवली.

चार महिने बरे गेले. मोहनने मनापासून बोटींचे पार्ट्‌स केले, एका डेअरी फार्मच्या पंपाचा शाफ्ट करून दिला. पण पोट भरायचं ते जुन्याच कामावर. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, चेकवर मागे काही लिहू नका. शेतकरी माणसं ती. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. कुणीतरी बँकेतून पैसे पाठवताना तपशिलात सरळ लिहिलं, 'रायफल बॅरल, थँक्स टेडी.'

अक्षतचा फोन सकाळी आला.

"काका, रिव्ह्यू आलाय. वरच्यांनी तुमच्या दुकानाचं नाव शोधलं. पोलिसांकडे डीलर म्हणून नोंद आहे ती निघाली."

"ती तर असणारच. मी काही चोरून करत नाही."

"माहीत आहे मला. पण अर्जात ते नव्हतं. म्हणजे आता चुकीची माहिती दिल्याचा मुद्दा झाला."

"तो अर्ज आपण दोघांनी मिळून भरला, अक्षत."

अक्षत म्हणाला, "मला लेखी वॉर्निंग मिळालीय. माझी रेसिडेन्सी अजून व्हायची आहे, काका." आणि थोड्या वेळाने, "थोडे दिवस मला फोन करू नका, प्लीज. रागावू नका."

मोहन रागावला नाही. त्याने उलट त्याचीच माफी मागितली. फोन ठेवल्यावर तो लेथपाशी गेला, बसवलेला जॉब अर्धवट होता तो पूर्ण केला, तेल पुसलं, आणि दिवसभर दुसरं काही केलं नाही.

या वेळी दोन महिन्यांची मुदतही नव्हती. पहिल्या बँकेने खातं धोरणामुळे बंद केलं होतं, दुसरीने माहिती लपवल्याबद्दल. पहिल्या वेळी तो निदान मान वर करून सांगू शकत होता की माझं काही चुकलं नाही. आता तेही राहिलं नव्हतं.

बॅरीला सांगायला तो त्याच्या घरी गेला. बॅरी व्हरांड्यात बसला होता, दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया होऊनही चालणं जेमतेम. राहिलेले हप्ते कसे देणार, हे मोहन सांगू लागला तेव्हा त्याने हातानेच थांबवलं.

"ते राहू दे. माझे अख्ख्या आयुष्याचे व्यवहार तुझ्या त्या पहिल्याच बँकेत झाले. अजूनही खातं तिथेच आहे." त्याने समोरच्या लॉनकडे बघितलं. "काढून घ्यायला हवं, नाही का? पण कुठे नेणार? आता या वयात..."

"नका काढू," मोहन म्हणाला. "त्याने काय होणार?"

"मला कधीच कुणी काही म्हटलं नाही रे," बॅरी म्हणाला. त्याला समजून घ्यायचं होतं आणि ते जमत नव्हतं. मोहनने त्याला चहा करून दिला आणि निघाला.

दुकान बंद करायचं ठरल्यावर लायसन परत घ्यायला आर्म्स ऑफिसर स्वतः आला. उंच, शांत माओरी माणूस. आला की 'किया ओरा, मोहन' म्हणून हात मिळवायचा, तसा आजही मिळवला. रजिस्टरमधल्या नोंदी आणि तिजोरीतल्या रायफली त्याने शेवटचं एकदा ताडून बघितल्या. ज्या गिऱ्हाइकांच्या होत्या त्या घेऊन जायला त्यांना कळवलं होतं, ज्या विक्रीच्या होत्या त्या हॅमिल्टनच्या दुकानदाराने अर्ध्या किमतीत उचलल्या होत्या.

"जिल्ह्यात इतकं नीट रजिस्टर कुणाचंच नसतं," तो म्हणाला. "का सोडतोयस?"

मोहनने थोडक्यात सांगितलं. ऑफिसरने सगळं ऐकून घेतलं.

"आम्ही तुला योग्य माणूस म्हणून लिहून दिलंय."

"हो. ते दाखवलं मी त्यांना."

ऑफिसरने खाली बघत फॉर्मवर त्याची सही घेतली. जाताना दारात थांबून विचारलं, "माझी स्वतःची रायफल आता कुणाकडे न्यायची?"

"हॅमिल्टनला न्या," मोहन म्हणाला. "पण लवकर न्या. त्यालाही पत्र आलंय म्हणतात."

लेथ न्यायला ट्रक आला त्या दिवशी पाऊस होता. घेणारा जाहिरातींच्या पाट्या बनवणारा होता, त्याला अशा लेथचं काय काम हे मोहनला कळलं नाही. पण पैसे रोख दिले. रोख घेताना मोहनला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची शरमही वाटली. पट्टे आवळायला त्याने मदत केली. लेथवर ताडपत्री नीट बसत नव्हती, ती त्याने दोनदा सारखी केली. ट्रक वळून गेल्यावर आत आला, तर जमिनीवर लेथच्या पायांचे चौकोन तेवढे स्वच्छ दिसत होते. बाकी सगळीकडे तेलाचा थर होता.

हंगामात नीलिमाने शब्द टाकून त्याला पॅकहाउसमध्ये मेंटेनन्सला लावलं. पट्ट्यावरून फळं जायची, पट्टा अडकला की मोहन जाऊन सोडवायचा. जूनमध्ये फळं संपली आणि कामही संपलं. मग त्याने ऑकलंडच्या एका इंजिनियरिंग कंपनीत अर्ज केला. मुलाखतीला दोघं होते, चांगली माणसं. त्याचं काम त्यांना पसंत पडलं असावं. मग एकाने सहज विचारलं, स्वतःचा धंदा होता तो का बंद केला?

"बँकेने खातं बंद केलं," मोहन म्हणाला. "दोन बँकांनी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पण ते बघत नाहीयेत हे मोहनला दिसलं. ज्याचं खातं दोन-दोन बँका बंद करतात तो माणूस कसा असेल, याचा विचार त्यांच्या मनात चालला होता, आणि तो कुणीही केला असता. त्याने धोरण समजावून सांगायला सुरुवात केली, आणि जितकं सांगावं तितकं ते वाईट दिसत गेलं. तिथून कधी फोन आला नाही.

"पुढच्या वेळी मंदीमुळे बंद केलं म्हणून सांगा," नीलिमा म्हणाली. आपण काय बोललो हे तिच्या लगेच लक्षात आलं. ती उठून बेसिनपाशी गेली आणि पाठमोरीच उभी राहिली.

पुढच्या मुलाखतीत त्याने तसंच सांगितलं. समोरच्या माणसाने समजुतीने मान हलवली, त्याच्या मेहुण्याचंही दुकान बुडालं होतं म्हणाला. दोघं मंदीबद्दल थोडा वेळ मोकळेपणाने बोलले. आठवड्याने पत्र आलं, की जागा सध्या भरत नाहीत. त्यात खोटं काही नव्हतं. मंदी खरीच होती.